हिरव्या पुडीचे गणित

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला आला. प्रदर्शनात नेहमीची मंडळी हजर होतीच. धूर सोडणारा ज्वालामुखी होता, ठिबक सिंचन होते, पुठ्ठ्याची पवनचक्की होती. एक मांडणी मात्र आम्ही पूर्वी कुठे पाहिली नव्हती. नववीतल्या तीन मुलांनी टेबलावर चार वस्तू ठेवल्या होत्या: हिरव्या पुडीचा एक प्लॅस्टिकचा डबा, गावच्या तलावावरून काढून कापडावर वाळवलेल्या हिरव्या सायीच्या पापड्या, परातीत तरंगणारा अझोला आणि एका पांढऱ्या घोडीचे छायाचित्र. मागच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘गोड्या पाण्यातील शेवाळ : घोडा व कुत्रा यांचा संपूर्ण पोषक आहार’.

घोडी त्यांच्यातल्या एका मुलाच्या काकांची. लग्नसराईत ती वरातीला जाते आणि त्या चार महिन्यांच्या कमाईवर घराचा बराचसा वर्षभराचा खर्च चालतो. घोडी वाळत चालली म्हणून काकांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून ही पूड आणली होती. रोज दोन चमचे चंदीत मिसळून द्यायची. डब्याबरोबर एक रंगीत पत्रक आले होते आणि मुलांचा तक्ता जवळजवळ शब्दशः त्या पत्रकावरून उतरवलेला होता. ६५ टक्के प्रथिने, मांसापेक्षा तिप्पट. बी-१२ जीवनसत्त्वाचा खजिना. लोह भरपूर. हरितद्रव्यामुळे रक्तशुद्धी. पूड कोणाची, हे येथे सांगण्याचे कारण नाही. अशी पत्रके अनेक आहेत आणि त्यांतली भाषा सारखीच असते. ती भाषा विज्ञानाची वाटते आणि म्हणूनच ती मुलांच्या वहीत इतक्या सहज उतरते. मुलांनी मेहनत केली होती, त्यांचे पाठांतर चोख होते. आमची तक्रार तक्त्यावरच्या मजकुराविषयी आहे आणि ती सविस्तर मांडावी असे वाटले, कारण टेबलावरच्या चार वस्तूंपैकी एक वस्तू जीवघेणी ठरू शकली असती.

आधी नावापासून सुरुवात करू. ‘शेवाळ’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो ते शेवाळ, टाकीत वाढते ते शेवाळ, तलावावर तरंगते तेही शेवाळ. टेबलावर मांडलेल्या तीन हिरव्या वस्तूंना मुलांनी हेच एक नाव दिले होते. वास्तविक त्या तिघांत घोडा, कबुतर आणि मासा यांच्यात असेल त्याहूनही अधिक अंतर आहे.

अझोला हे शेवाळ नव्हेच. ते पाण्यावर तरंगणारे नेच्याच्या कुळातले झाड आहे. त्याच्या इवल्याशा पानातील पोकळीत एक नील-हरित जीव राहतो आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतो. गुरांसाठी अझोल्याचे खड्डे करा, असा प्रचार गेली काही वर्षे सगळीकडे होत असल्याने शिक्षकांना तो ओळखीचा असेल.

डब्यातली पूड स्पिरुलिनाची होती, तसे डब्यावर बारीक अक्षरांत छापलेले होते. स्पिरुलिना म्हणून जे विकले जाते त्याचे शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पिरा. त्यालाही सवयीने शेवाळ म्हटले जाते, पण त्याच्या पेशीत केंद्रक नसतो आणि जीवशास्त्र त्याची गणना जीवाणूंमध्ये करते. गंमत अशी की ते गोड्या पाण्यातलेही नव्हे. आफ्रिकेतल्या चाड सरोवराच्या परिसरात कानेम्बू लोक ज्या पाण्यातून ते गाळून त्याच्या वड्या करतात, ते पाणी सोड्याचे आहे. मेक्सिकोत ॲझटेक लोक टेक्सकोको सरोवरातून ते काढत, तेही पाणी खारे आणि अल्कधर्मी होते. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार घ्यावे. त्या उल्कापाती सरोवराच्या अल्कधर्मी पाण्याला वर्षानुवर्षे जो हिरवा रंग दिसत आला, त्यात याच गोतावळ्यातल्या जीवांचा मोठा वाटा असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. (२०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झाले होते. तो प्रताप मिठात वाढणाऱ्या वेगळ्या सूक्ष्मजीवांचा.) प्रयोगशाळेत स्पिरुलिना वाढवण्यासाठी जे द्रावण सर्रास वापरतात त्यात दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, असतो. शाळेत एक लिटर पाण्यात तेवढा सोडा विरघळवून त्याला गोडे पाणी म्हणता येईल का, हे मुलांनाच विचारावे.

खरोखर गोड्या पाण्यातले आणि आहारपूरक म्हणून विकले जाणारे शेवाळ म्हणजे क्लोरेल्ला. १८९० मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. प्रकाशसंश्लेषणात कार्बनचा प्रवास कसा होतो हे शोधताना मेल्विन कॅल्विन यांनी याच एकपेशीय हिरव्या जीवांचा उपयोग केला आणि त्या कामाबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरेल्ला जगाची भूक भागवील अशी मोठी आशा निर्माण झाली होती. ती फळली नाही. वाढवणे, पाण्यातून वेगळे करणे आणि वाळवणे या तिन्हींचा खर्च डाळी-तेलबियांच्या खर्चापुढे टिकला नाही. शिवाय क्लोरेल्लाची पेशीभित्तिका इतकी चिवट की ती फोडल्याशिवाय आतले अन्न पचनरसांच्या हाती नीट लागत नाही. क्लोरेल्लाची पूड घेताना पेशी फोडलेल्या आहेत काय, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. स्पिरुलिनाची भित्तिका मात्र नाजूक असते.

चौथी वस्तू, तलावावरची साय. तिच्याबद्दल पुढे बोलू.

आता ६५ टक्क्यांकडे वळू. हा आकडा खोटा नाही. कोरड्या स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिने असल्याचे पुस्तकांतून आढळते. परंतु तो ज्या रीतीने काढतात ती रीत शिक्षकांनी समजून घेण्यासारखी आहे. नमुन्यातला एकूण नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचे. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा गुणक. पण नायट्रोजन काही एकट्या प्रथिनांत नसतो. पेशीतील न्यूक्लिइक आम्लांत असतो, हरितद्रव्यातही असतो. सूक्ष्मजीवांत न्यूक्लिइक आम्ले धान्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा हिशोब थोडा फुगतो.

याहून मोठी फसगत ‘मांसापेक्षा तिप्पट’ या शब्दांत आहे. बिनचरबीच्या ताज्या मांसात साधारण २२ टक्के प्रथिने आणि ७५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. पुडीत पाणी जवळजवळ नाही. एका बाजूला ओली वस्तू आणि दुसऱ्या बाजूला वाळलेली, अशी ही तुलना आहे. मांसही वाळवले तर त्यातल्या प्रथिनांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाईल आणि पूड मागे पडेल. अझोल्याच्या बाबतीत हीच चूक उलट्या दिशेने होते. अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिने आहेत असे सांगतात. ते वाळलेल्या अझोल्याचे प्रमाण आहे. शेतकरी खड्ड्यातून काढतो तो अझोला ओला आणि त्यात सुमारे ९४ टक्के पाणी. म्हणजे एक किलो ताज्या अझोल्यातून ६० ग्रॅम कोरडा पदार्थ आणि फार तर १४-१५ ग्रॅम प्रथिने मिळतात. सरकीच्या ढेपेत २०-२२ टक्के प्रथिने धरली, तर राळेगावच्या कोणत्याही गोठ्यात मूठ-दीड मूठ ढेपेत ती असतात. अझोला वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. टक्के कशाचे, ओल्याचे की वाळल्याचे, हे न सांगता दिलेला आकडा निरर्थक असतो, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

यापुढचा प्रश्न आम्ही त्या मुलांना प्रदर्शनातच विचारला: टक्के राहू द्या, घोडीच्या पोटात किती ग्रॅम जातात? तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांच्याच तक्त्याच्या पाठीमागे आम्ही मिळून हिशोब मांडला. काम न करणाऱ्या प्रौढ घोड्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. घोडी सव्वातीनशे किलोची धरली, तर गरज झाली चारशे ग्रॅमची. दोन चमचे पूड म्हणजे पत्रकाप्रमाणे १० ग्रॅम. त्यातली प्रथिने साडेसहा ग्रॅम. चारशेपैकी साडेसहा. शंभरातले दोनसुद्धा धड होत नाहीत. हरभऱ्यात प्रथिने २० टक्के असतात, तेव्हा तेवढीच प्रथिने तीस-पस्तीस ग्रॅम हरभऱ्यात, म्हणजे जेमतेम एका मुठीत, मिळतात. चंदी घालताना काकांच्या हातून एवढे हरभरे घमेल्याबाहेर सांडत असतील.

लोहाचे गणित असेच आहे. स्पिरुलिनाच्या १०० ग्रॅम पुडीत २८-२९ मिलिग्रॅम लोह असते. ऐकायला ते भरपूर वाटते. दहा ग्रॅममध्ये तीन मिलिग्रॅमही होत नाही आणि घोडीची रोजची गरज अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात. ती गरज चाऱ्यातून आणि चाऱ्याला चिकटलेल्या मातीतून सहसा आपोआप भागते. वैरण खाणाऱ्या घोड्यात निव्वळ आहारामुळे लोहाची कमतरता होणे ही दुर्मिळ गोष्ट आहे.

‘हरितद्रव्यामुळे रक्तशुद्धी’ हा दावा आम्हांला नेहमीच मजेदार वाटत आला आहे. हरितद्रव्याचा रेणू आणि हिमोग्लोबिनमधला हीम यांच्या वलयांची ठेवण मिळतीजुळती आहे, एकात मॅग्नेशियम आणि दुसऱ्यात लोह. हे खरे, आणि वर्गात सांगण्यासारखेही. पण त्यावरून हरितद्रव्य खाल्ले की त्याचे रक्त होते, असे मानणे म्हणजे अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो खाऊन बुद्धी वाढते असे मानण्यापैकीच आहे. घटकाभर दावा खरा धरू. पुडीत हरितद्रव्य एक टक्का म्हटले, तर दहा ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅम झाले. ताज्या हिरव्या पाल्यात ढोबळमानाने दर ग्रॅमला एक ते दोन मिलिग्रॅम हरितद्रव्य असते. म्हणजे ५० ते १०० ग्रॅम गवत. बांधावर चरणारी घोडी दोन-चार घासांत तेवढे खाते आणि ते फुकट असते!

बी-१२ ची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण येथे पत्रकातला शब्दच दुसऱ्या पदार्थासाठी वापरला आहे. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये स्पिरुलिनाच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत जे बी-१२ म्हणून मोजले जाते त्याचा बहुतांश भाग ‘आभासी बी-१२’ निघाला. त्याचा रेणू खऱ्या जीवनसत्त्वासारखा दिसतो, पण माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग करता येत नाही. जुन्या चाचण्यांत जीवाणूंची वाढ पाहून बी-१२ मोजत. त्या जीवाणूंना दोन्ही रेणू चालतात, म्हणून आकडा मोठा येई. घोड्याला तर हे जीवनसत्त्व बाहेरून देण्याची गरजच सहसा पडत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यात, विशेषतः उंडुकात, सूक्ष्मजीवांचा प्रचंड कारखाना चालू असतो आणि खाण्यात कोबाल्ट असले की ते सूक्ष्मजीव बी-१२ तयार करतात. गायीच्या पहिल्या पोटात हेच काम होते. कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याला ते मांस, अंडी, दूध यांतून मिळवावे लागते. गावातले कुत्रे भाकरीच्या तुकड्यांवर जगत असेल तर त्याला कमतरता भासू शकते हे खरे, पण तिच्यावर इलाज म्हणून अंडे हाताशी आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनेही असतात. म्हणजे पुन्हा तेच, दोन चमचे पूड.

एक बारकावा कुत्रे पाळणाऱ्यांसाठी. बहुतेक जातींची कुत्री न्यूक्लिइक आम्लांपासून होणाऱ्या युरिक आम्लाचे रूपांतर अधिक विद्राव्य पदार्थात करतात. डाल्मेशियन जातीत, म्हणजे त्या पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या कुत्र्यांत, आनुवंशिक दोषामुळे हे पुरेसे होत नाही आणि त्यांना मूतखडे होतात. न्यूक्लिइक आम्ले भरपूर असलेली सूक्ष्मजीवांची पूड अशा कुत्र्याला देणे शहाणपणाचे नाही. पत्रकावर मात्र ‘सर्व जातींच्या श्वानांसाठी’ असे छापले होते.

मग या पुडीत काहीच नाही का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ मध्ये कुत्र्यांचे अन्न बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या संशोधकांनी ३० कुत्र्यांवर ४२ आठवडे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. अर्ध्या कुत्र्यांच्या अन्नात स्पिरुलिना होती, अर्ध्यांच्या नव्हती. पहिल्या गटात रेबीजच्या लसीला शरीराने दिलेला प्रतिसाद अधिक चांगला आढळला. प्रयोग नीट आखलेला आहे. प्रयोग करणाऱ्याचा त्यात व्यापारी हितसंबंध आहे आणि कुत्री तीसच आहेत, हेही लक्षात ठेवावे. अशा प्रयोगाला दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत थांबण्याची विज्ञानात पद्धत आहे. घोड्यांवर तर या तोडीचे काम फारच तुरळक आहे. कुत्र्यांच्या बाबतीत शेवाळाचा आणखी एक पक्का उपयोग आहे, पण तो समुद्री सूक्ष्मजीवांचा. पिल्लांच्या मेंदूच्या आणि दृष्टिपटलाच्या वाढीला लागणारे डीएचए हे मेदाम्ल त्यांच्यापासून काढतात आणि माशांच्या तेलाऐवजी ते वापरता येते. समुद्री शेवाळाचा हवाला देऊन गोड्या पाण्यातली पूड विकणे हा प्रकारही पत्रकांत दिसतो. उलट दिशेने केलेली गल्लतही महाग पडते. केल्पसारख्या समुद्री शेवाळात आयोडीन इतके असते की ते गाभण घोड्यांना जास्त दिल्याने शिंगरांना गलगंड झाल्याच्या नोंदी आहेत.

आता तलावावरच्या सायीकडे येतो. मुलांचा युक्तिवाद सरळ होता. डब्यातली पूड महाग, तीही हिरवी, तलावावरची सायही हिरवी. मग गावातच फुकट पूड का करू नये? स्वावलंबनाची ही बुद्धी आम्हांला आवडली आणि ऐकताना अंगावर काटाही आला. त्यांनी ती साय कापडावर वाळवली, कुस्करली आणि शाळेच्या आवारातल्या कुत्र्याला पोळीतून आठ दिवस खाऊ घातली. तक्त्यावर निष्कर्ष होता, ‘कुत्रा अधिक तरतरीत झाला’.

१८७८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात जॉर्ज फ्रान्सिस यांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर वाऱ्याने काठाशी साचलेल्या हिरव्या तवंगाची हकीकत त्यात आहे. तवंग दोन ते सहा इंच जाडीचा, हिरव्या तैलरंगासारखा होता. ते पाणी पिऊन जनावरे मेली आणि फ्रान्सिस यांनी मरणाला लागलेला वेळही नोंदवला. मेंढ्या एक ते आठ तासांत, डुकरे तीन-चार तासांत, कुत्री चार-पाच तासांत, घोडे आठ ते चोवीस तासांत. आमच्या तक्त्यावरचे दोन्ही प्राणी त्या यादीत आहेत.

तो तवंग नोड्युलेरिया या नील-हरित जीवाचा होता. आपल्याकडच्या तळ्यांत अधिक आढळतो तो मायक्रोसिस्टिस. उन्हाळ्यात किंवा पावसाळा सरल्यावर पाणी संथ आणि कोमट झाले, त्यात शेतातून वाहून आलेले खत आणि गावाचे सांडपाणी मिसळले, की तो झपाट्याने वाढून पाण्यावर पोपटी साय धरतो. त्याच्या अनेक प्रकारांत मायक्रोसिस्टिन नावाची विषे असतात. सात अमिनो आम्लांचे वलय असलेला हा रेणू यकृतावर घाव घालतो. उकळल्याने तो नष्ट होत नाही, उन्हात वाळवल्याने तर नाहीच. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये लिटरला एक मायक्रोग्रॅम इतकी सुचवली. यावरून त्याच्या जहालपणाची कल्पना यावी. काही नील-हरित जीवांत मज्जातंतूंवर हल्ला करणारी विषेही असतात. तळ्यात पोहून आलेले कुत्रे अंग चाटते आणि तासाभरात तडफडून मरते, अशा नोंदी अनेक देशांतून आहेत.

आणि हे केवळ घरगुती उद्योगात घडते असे नाही. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात अप्पर क्लॅमथ नावाचे सरोवर आहे. त्यात वाढणारे ॲफॅनिझोमेनॉन हे नील-हरित शेवाळ थेट सरोवरातून गोळा करून आहारपूरक म्हणून विकले जाते. त्याच पाण्यात मायक्रोसिस्टिसही वाढतो, तेव्हा कापणीत दोन्ही येतात. १९९७ मध्ये तेथील सरकारने अशा मालात दर ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन ही मर्यादा घातली. नंतर ८७ नमुने तपासले गेले. त्यांतल्या ८५ मध्ये विष सापडले आणि ६३ नमुने मर्यादेच्या वर होते. ही मर्यादा दिवसाला दोन ग्रॅम खाणारा साठ किलोचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून ठरवली होती. दहा किलोच्या कुत्र्याने तेवढीच पूड खाल्ली तर वजनाच्या मानाने मात्रा सहापट होते. २०१५ मध्ये एका पशुवैद्यकीय नियतकालिकात पग जातीच्या एका कुत्रीची हकीकत आली. विकतचे नील-हरित शेवाळ काही आठवडे खाल्ल्यावर तिच्या यकृताला इजा झाली होती. पूड बंद करून उपचार केल्यावर ती सावरली.

टाक्यांत वाढवलेल्या स्पिरुलिनाच्या बाबतीत हा धोका बराच कमी असतो, हे न्यायाने सांगायला हवे. त्या सोड्याच्या पाण्यात इतर जीव सहसा टिकत नाहीत. स्पिरुलिना गोड्या पाण्यातली नाही ही गोष्ट, जी पत्रकाने लपवली, तीच तिची जमेची बाजू आहे.

शिक्षकांना वर्गात करता येईल अशी एक सोपी चाचणी आहे. हातमोजे घालून, तळ्याच्या काठचे हिरवे पाणी काचेच्या बरणीत घ्यावे आणि न हलवता रात्रभर ठेवावे. नील-हरित जीवांत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे ते सकाळी वर तरंगून कडे धरतात. इतर शेवाळ बहुधा तळाशी बसते. पाण्यात काठी घालून पाहावी. काठीला केसांसारखे लांब धागे लोंबले तर ते तंतुमय हिरवे शेवाळ, रंगात बुडवल्यासारखी काठी निघाली तर संशय घ्यावा. मात्र या चाचणीने विष आहे की नाही हे कळत नाही. खाऊ घालण्याचा परवाना म्हणून तिचा उपयोग कोणी करू नये.

आता घोडीकडे परत. प्रदर्शन संपल्यावर त्या मुलांच्या शिक्षकांबरोबर आम्ही काकांच्या घरी गेलो. घोडीचे केस खरोखर चकाकत होते, काका रोज खरारा करीत असल्याने ते तसे नसते तरच नवल. बरगड्या मात्र मोजता येत होत्या. काका म्हणाले, “चमक हाये साहेब, पन आंग काही भरून नाही राह्यलं.” गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या वैरणीचे बोळे पडले होते. ते पाहून शिक्षकांनी आमच्याआधी ओळखले की घोडीला चावता येत नसावे. पशुवैद्यकांनी तपासले तेव्हा दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला लागत होत्या. घोड्याची दाढ आयुष्यभर वर येत राहते आणि झीज सारखी झाली नाही की असे होते. डॉक्टरांनी दात कानसले, जंताचे औषध दिले. हरभऱ्याची चंदी थोडी वाढवायला सांगितली.

मुलांना आम्ही एक काम दिले होते. वजनकाटा नसला तरी घोड्याचे वजन फितीने काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये मिळते. पहिल्या दिवशी घेर १६० आणि लांबी १५० भरली, म्हणजे ३२३ किलो. अडीच महिन्यांनी शिक्षकांचे पत्र आले. घेर १६६ झाला होता, वजन ३४८. पूड काकांनी मधल्या काळात बंद केली होती.

पत्राच्या खाली एका मुलाने आपल्या अक्षरांत प्रश्न लिहिला होता: ‘सर, दात कानसले, जंताचे औषध दिले, चंदी वाढवली आणि पूड थांबवली, हे सगळे एकाच आठवड्यात झाले. मग वजन कशामुळे वाढले हे आपण कसे सांगणार?’ आम्ही उत्तरात लिहिले की या एका घोडीवरून ते सांगता येणार नाही. तुमच्या कुत्र्याच्या प्रयोगावर आम्ही जो आक्षेप घेतला होता, तोच आमच्या घोडीवरही लागू आहे. पुढच्या प्रदर्शनासाठी तालुक्यातल्या आणखी किती घोड्या फितीने मोजता येतील याची यादी करायला ते आता लागले आहेत.